वाजणं आणि वाजवणं : बाबांच्या तबकड्यांच्या नोंदी

१४ एप्रिल २०२४, रविवार

मोजणी संपली. एकूण २१२ तबकड्या. त्यात लाखेच्या, ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे) ७१, बाकी एलपी (३३⅓ फेरे). चार फुटक्या निघाल्या, त्या धरल्या नाहीत. सहा कव्हरांत भलतीच रेकॉर्ड होती. जॅझवाल्या ड्यूक एलिंग्टनच्या एका कव्हरातून तर गणपतीच्या आरत्या निघाल्या.

बाबा म्हणजे माझे सासरे. मोतीबागेत, दक्षिण-पूर्व रेल्वेत नोकरीला होते. तेव्हा आपला नागपूर विभाग त्या रेल्वेत होता आणि मुख्यालय कोलकात्याला, गार्डन रीचला. वर्षातून तीन-चार फेऱ्या व्हायच्या, पास होताच. काम आटोपलं की फ्री स्कूल स्ट्रीटवरच्या जुन्या रेकॉर्डवाल्यांकडे बसायचे. लोक कोलकात्याहून मिठाई आणतात, बाबा जॅझ आणायचे. सासूबाई शेवटपर्यंत म्हणायच्या, "एक डबा संदेशचा आणला असता तर हात झडले असते का यांचे?"

आज सुई ठेवण्यात अर्थ नव्हता. जयंतीचा दिवस, दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या मिरवणुका, डीजेनं खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. म्हणून बाबांची वही वाचत बसले. रेल्वेचीच लांबट रजिस्टर वही, प्रत्येक तबकडीला एक ओळ. दोन रकाने आहेत: 'वाजणं' आणि 'वाजवणं'. वाजणं म्हणजे तबकडी कशी वाजते, वाजवणं म्हणजे त्या माणसांनी काय वाजवलं. गुण आण्यांत, सोळापैकी. आर्मस्ट्राँगची १९२८ची 'वेस्ट एंड ब्लूज': वाजणं ५ आणे, वाजवणं १६. ब्रुबेकची 'टाइम आउट': वाजणं १६, वाजवणं ११ (हे मला पटलेलं नाही, पण वही त्यांची). माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू': वाजणं १५, वाजवणं १६, आणि शेजारी बारीक अक्षरात 'पेटी?' एवढंच. १५ का, आणि पेटी कसली, कळलं नाही.

ठरवलंय ते असं: मी ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते, सुट्टी लागतेच आहे. ती संपेपर्यंत जमेल तेवढ्या तबकड्या संगणकावर घ्यायच्या, २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ. नवरा म्हणाला, "हे सगळं नेटवर असेलच की." असेल. बाबांची प्रत नसेल.

१७ एप्रिल

सुया आल्या. ७८ची खाच रुंद असते, तिला साधारण ७५ मायक्रॉनची सुई लागते. जुन्या मोनो एलपीला २५, स्टिरिओला १८. एलपीची सुई ७८वर ठेवली तर खाचेच्या तळाशी लोळते आणि संगीत सोडून तळातला केर वाजवते.

वेग तपासला. कागदी चकतीवर ३३⅓साठी १८० रेघा आणि ७८साठी ७७ असतात. ५० हर्ट्झच्या लुकलुकत्या दिव्याखाली रेघा जागच्या जागी उभ्या दिसल्या की वेग बरोबर. घरातल्या एलईडीखाली काहीच दिसेना. शेवटी खोली काळोखी करून एक्स्टेंशन बोर्डावरचा तो टिकलीएवढा लाल निऑन जवळ धरला. ३३⅓ चोख. ७८ किंचित मागे होता, पेच फिरवून जागेवर आणला. हे इथे लिहून ठेवते, कारण पुढे कुणी म्हणेल तुझं टर्नटेबलच वाकडं.

२० एप्रिल

आज मूर्खपणा केला. एलपी धुवायला डिस्टिल्ड वॉटरमध्ये थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घालते, त्याच बाटलीतलं फडक्यावर घेऊन एक ७८ पुसली. फडकं काळं झालं. मला वाटलं, केवढा मळ! मळ कसला, तबकडीच होती ती. ७८ लाखेची. सुतार फ्रेंच पॉलिशला लाखेचा चपडा कशात विरघळवतो? स्पिरिटमध्येच. हे मला माहीत होतं, हाताला माहीत नव्हतं. कुठल्याशा डान्स बँडची होती म्हणून जीव भांड्यात पडला. बाबांनी तिला वाजवण्याचे ३ आणे दिलेत.

लाख पळसावर, कुसुमावर, बोरीवर येते. रेकॉर्डच्या धंद्यातली बरीचशी लाख हिंदुस्थानातूनच जायची. १९४२मध्ये युद्धामुळे अमेरिकेत लाखेवर निर्बंध आले. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून तिथल्या वादकांच्या संघटनेनं रेकॉर्डिंगवर बहिष्कार टाकला, आणि शेवटच्या दोन मोठ्या कंपन्यांशी तडजोड व्हायला १९४४चा नोव्हेंबर उजाडला. नेमकं तेव्हाच न्यूयॉर्कच्या क्लबांत बीबॉप, म्हणजे जॅझची नवी, वेगवान तऱ्हा, आकाराला येत होतं. म्हणजे या संगीताचं बाळंतपण कंपन्यांच्या तबकड्यांवर जवळजवळ नाहीच. जे थोडं आहे ते कुणा हौशी पोरानं हलकं यंत्र खांद्यावर नेऊन कापलेलं. ते 'वाजणं ४ आणे' म्हणून फेकून दिलं तर हातात काय उरतं?

२८ एप्रिल, रविवार

तीन दिवस एकाच गोष्टीत गेले: गुणगुण. सुई तबकडीवर नसतानाही स्पीकरमधून 'हूं' असा खर्ज. आधी कूलरवर संशय आला. कूलर बंद केला, गुणगुण कमी झाली, गेली नाही. कूलर बंद, पंखा बंद (वाऱ्यानं टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, हलतो), खिडक्या बंद, आणि बाहेर नागपूरचा एप्रिल. चिरंजीव दारातून डोकावून म्हणाले, "आई, तू शिजून राहिली आहेस."

आलेखात पाहिलं. एक सुळका ५० हर्ट्झवर, दुसरा १००वर. ही आपली घरची वीज. अमेरिकेत ६० हर्ट्झ असते, त्यामुळे तिकडच्या स्टुडिओतली गुणगुण तबकडीत कोरली गेली असेल तर ती साठच्या आसपास दिसते. चोर कुठल्या गावचा ते एका नजरेत कळतं.

सोपा उपाय म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये ५० आणि १०० कापून टाकणं. केलं, आणि 'काइंड ऑफ ब्लू'मधलं 'ऑल ब्लूज' लावलं. पॉल चेंबर्सचा डबल बास अधूनमधून पाय गुडघ्यातून मुडपल्यासारखा वाटायला लागला. विचार केल्यावर उजेड पडला. ते गाणं 'जी'मध्ये, म्हणजे पांढरी पाच. बासवरचा खालचा जी ४९ हर्ट्झ आणि वरचा, मोकळ्या तारेचा, ९८. मी गुणगुण कापत नव्हते, त्या माणसाचा षड्ज कापत होते.

तेव्हा फिल्टर रद्द. इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्यानं मीटर लावला आणि थेट मागच्या अंगणात गेला. सिमेंटचं झाकण उचललं. आत पांढरट भेगाळलेली माती आणि मधोमध कोरडाठाक पाइप.

"मॅडम, गड्डा पार सुकून गेला ना जी. अर्थिंग काहून भेटंल?"

दोन बादल्या पाणी ओतलं. माती 'स्स' करून प्यायली, बुडबुडे आले, आणखी एक बादली ओतली. त्यानं कोळसा आणि खडेमीठ घातलं, टर्नटेबल आणि अॅम्प एकाच बोर्डावर घ्यायला लावले. आत येऊन आवाज वाढवला तर नुसती शांतता. आता दर दुसऱ्या दिवशी मोगऱ्याला पाणी घालताना अर्थिंगलाही घालते. मोगरा रुसला आहे.

५ मे, रविवार

पुतण्या पुण्याहून आलाय, साउंड इंजिनिअरिंग शिकतो. माझ्या ७८च्या फायली ऐकून त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "काकू, एवढी खरखर ठेवायची? अर्ध्या तासात क्लीन करून देतो." दिलीही. एलिंग्टनची 'को-को', ६ मार्च १९४०. खरखर गायब. पुसलेल्या फळीसारखं स्वच्छ.

मग त्यानं स्वतःची आवडती ऐकवली, 'जॅझ अॅट द पॉनशॉप'. १९७६च्या डिसेंबरात स्टॉकहोमच्या स्टाम्पेन नावाच्या क्लबात केलेलं रेकॉर्डिंग. जगभरचे हाय-फायवाले यंत्र तपासायला ही तबकडी वापरतात. खरंच, काय वाजते! खोली किती खोल आहे ते कळतं, कुठल्या टेबलावर ग्लास टेकला तेही. नवरा एरवी जॅझ लागलं की गॅलरीत जातो, तो चक्क बसून राहिला आणि शेवटी म्हणाला, "ग्लास काय सुंदर किणकिणतात." यातच सगळं आलं. वादक वाईट नाहीत, नीटनेटके, सुखवस्तू आहेत. पण अर्ध्या तासानंतर मला त्यातला एकही तुकडा गुणगुणता येईना, ग्लास मात्र लक्षात. वहीत लिहिलं: वाजणं १६, वाजवणं ९. हा माझा पहिला शेरा. खाली आद्याक्षर घातलं, बाबांवर नको.

रात्री 'को-को' पुन्हा लावली. काहीतरी गेलं होतं, काय ते सांगता येईना. मग सॉफ्टवेअरला उलटं सांगितलं: जे काढून टाकलंस तेवढंच ऐकव. म्हणजे केराची टोपली. टोपलीत खरखर होती, टिकटिक होती, आणि त्यांच्या मागे, पावसाआडून कुणी चालत यावं तशी, अगदी तालात, झांजेची सळसळ. ड्रमर सनी ग्रीअर. पुतण्याला हेडफोन दिला. त्यानं दोनदा ऐकलं, काही बोलला नाही, जेवताना म्हणाला, "सेटिंग जरा कमी करायला पाहिजे होतं." कमी करून पाहिलं. मग खरखरही राहते आणि झांजही अर्धीमुर्धी. शेवटी ठरलं की ठळक टिकटिक तेवढी हातानं काढायची आणि खरखरीला हात लावायचा नाही.

९ मे

'जॅझ अॅट मॅसी हॉल'. टोरांटो, १५ मे १९५३. पार्कर, गिलेस्पी, बड पॉवेल, मिंगस, मॅक्स रोच, बीबॉपचे हे पाच दिग्गज एका मंचावर. त्याच रात्री मार्सियानो-वॉलकॉटची हेवीवेट लढत होती, त्यामुळे सभागृह भरलं नाही (लढत पहिल्याच फेरीत आटोपली!). पार्करच्या हातात प्लास्टिकचा सॅक्सोफोन, आणि दुसऱ्या कंपनीशी करार असल्यामुळे तबकडीवर त्याचं नाव 'चार्ली चॅन'.

बाबांचा शेरा: वाजणं ७, वाजवणं १६. मंचावरच्या टेपमध्ये बास नीट ऐकूच येत नव्हता. मिंगस स्वतः या तबकडीच्या कंपनीचा एक मालक, त्यानं नंतर स्टुडिओत बसून आपला बास वरून पुन्हा वाजवून भरला. बाबांच्या प्रतीत तोच भरलेला बास आहे. पुढे मूळ टेपही तशीच्या तशी निघाली. पुतण्याच्या फोनवर दोन्ही लागोपाठ ऐकल्या. भरलेला बास गुबगुबीत, सगळ्यांच्या पुढे बसलेला, आणि त्याला ठाऊक आहे की पुढच्या क्षणी पार्कर काय करणार आहे. मूळ टेपमधला मिंगस जेमतेम ऐकू येतो, पण त्याला काही ठाऊक नाही. मी मूळच्या बाजूनं. पुतण्या भरलेल्या बाजूनं. त्याचं म्हणणं, ज्याचा बास त्यानंच भरला, तुम्ही कोण? याला माझ्याकडे उत्तर नाही.

१२ मे, रविवार

आजचा दिवस नीट लिहून ठेवायला हवा.

शेजारचे अप्पा आले होते. वय ८१, तरुणपणी गाणं शिकले, पुढे पोटासाठी वकिली केली. बाबांचे दोस्त. पुतण्यानं हौसेनं त्यांना एका पियानो-त्रिकुटाची एलपी लावून दिली, कारण ती तबकडी कोरी करकरीत: खरखर नाही, टिकटिक नाही, वहीत वाजणं १४ आणे. संथ गाणं, पियानोचे लांब ठेवलेले सूर. अप्पांनी दोन मिनिटं ऐकलं आणि कपाळाला आठी घातली.

"अगं, बंद कर ते. मळमळतंय मला."

"आवाज मोठा होतोय का अप्पा?"

"आवाजाचं नाही. षड्ज हलतोय. पियानोचा सूर कधी हलतो का? मींड म्हणावी तर ही मींड नाही, हा पाळणा आहे."

मग त्यांनीच म्हणून अब्दुल करीम खाँसाहेबांची एक जुनी तबकडी पुतण्याच्या फोनवर लावून घेतली. तळणाच्या कढईसारखी खरखर. अप्पा डोळे मिटून बसले. संपल्यावर म्हणाले, "बघ, इथं काही त्रास होतो का?" मी म्हटलं, खरखर केवढी आहे. "कुठं?" खरोखरच विचारत होते ते. त्यांना ती ऐकूच आली नव्हती.

ते गेल्यावर ती एलपी पुन्हा लावली आणि यावेळी कान बाजूला ठेवून डोळ्यांनी पाहिली. टोनआर्मचं डोकं डाव्या-उजव्या अंगाला झुलत होतं. प्रत्येक फेऱ्याला एकदा, १.८ सेकंदाला एकदा. तबकडीचं भोक मधोमध नाही.

१३ मे

मोजलं. शेजारी स्टीलची पट्टी आडवी धरली: डोकं २ मिमी इकडून तिकडे जातं, म्हणजे भोक १ मिमीनं सरकलेलं. हिशोब अकरावीच्या पोरांना देण्याजोगा आहे. बाहेरच्या कडेला त्रिज्या साधारण १४५ मिमी, तिथे वेगात ०.७ टक्क्यांचा फरक, म्हणजे १२ सेंट (सुरांतलं अंतर मोजायचं एकक) वर आणि १२ खाली. शेवटच्या गाण्याशी त्रिज्या ६० मिमी, तिथे तोच १ मिमी २९ सेंट होतो. वर-खाली मिळून ५८. सा आणि कोमल रे यांच्यात १०० सेंट. म्हणजे शेवटच्या गाण्याचा षड्ज कोमल ऋषभाच्या अर्ध्या वाटेहून जास्त अंतर ये-जा करतो, तेही मिनिटाला ३३ वेळा. आणि या तबकडीला आपण सगळ्यांनी स्वच्छ म्हटलं.

महिनाभर मी 'वाजणं' म्हणून एकच गोष्ट मोजत होते, त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या होत्या. खरखर ही संगीताच्या बाजूला बसलेली असते. कानाला पाच मिनिटांत तिची सवय होते, मग तो तिच्या पलीकडे बघतो. झुलणारा सूर किंवा डगमगणारा वेग बाजूला बसत नाही, तो वादकाच्या हातात शिरतो. बिचाऱ्या पियानोवाल्यानं जो सूर ठेवला तो त्यानं ठेवलेलाच राहत नाही. पहिल्या प्रकारात वाजणं बिघडतं. दुसऱ्यात वाजवणंच.

या हिशोबानं माझे सगळे कष्ट उलट्या जागी चाललेत.

१९ मे, रविवार

नवी पद्धत. धुणं एकदाच, मग केंद्र, मग वेग, आणि खरखर जशी आहे तशी.

केंद्राचा मामला नाजूक आहे. भोक दांडीत घट्ट बसतं, तबकडी सरकवायला जागाच नाही. एकच इलाज, भोक थोडं मोठं करणं. पुतण्याला फोनवर सांगितलं तर तो ओरडला, "काकू, व्हॅल्यू शून्य होईल!" संग्राहकाच्या हिशोबानं त्याचं बरोबर आहे. गोल कानस हातात घेऊन मीसुद्धा दहा मिनिटं नुसती बसून होते. बाबांनी ही कोलकात्याहून कपड्यांच्या घडीत घालून, मांडीवर ठेवून आणली असणार. पण मग वाटलं, त्यांनी ती विकायला आणली नव्हती.

लेबल ओल्या टिपकागदानं झाकलं. कानस एकाच अंगाला, सरळ, न दाबता आठ-दहा वेळा. काळा भुगा टिपकागदावर. भोक लंबगोल झालं. तबकडी ठेवली, शेवटच्या गाण्यावर सुई टेकवली, डोक्याशेजारी पट्टी. झुलतंय. सुई उचलायची, कडेला नखानं टिचकी मारायची, पुन्हा सुई. सातव्या टिचकीला ते डोकं एका जागी थबकलं, जणू कुणीतरी पाळण्याची दोरी धरली. गाणं वाजू दिलं. त्या पियानोचा शेवटचा सूर किती लांब ठेवलाय हे मला आजवर कळलंच नव्हतं, कारण तो एका जागी राहतच नव्हता.

२१२पैकी भोक चुकलेल्या किती असतील? आज चाळीस तपासल्या, त्यातल्या नऊ कमी-जास्त झुलतात. एवढ्या नऊंच्या नऊंना कानस लावणार नाही. अर्ध्या मिमीच्या खालच्या सोडून दिल्या, सोलोच्या जोरात ते खपून जातं.

२३ मे

दुपारी दोन तास वीज नाही. पियानोवाल्या बिल इव्हान्सच्या मंडळींचाही असाच घोटाळा झाला होता: २५ जून १९६१, न्यूयॉर्कचा व्हिलेज व्हॅनगार्ड क्लब, आणि रेकॉर्डिंगच्या पहिल्याच गाण्यात वीज दगा देऊन गेली, टेप मध्येच तुटली. नंतरच्या संपूर्ण संचात तो तुटका तुकडा तसाच ठेवलाय. अकरा दिवसांनी बासवाला स्कॉट लाफारो अपघातात गेला, वय २५. एरवी कुणी तो तुकडा ठेवला असता का, कोण जाणे.

वीज आल्यावर एकच तबकडी झाली. घामानं बोट घसरलं, थोडक्यात वाचली.

१ जून

गेले दोन दिवस नागपूर ५६ अंशांवर गेलं म्हणून देशभर बातम्या. नातेवाइकांचे फोन, 'जिवंत आहात ना?' आज खुलासा आला, सेन्सर बिघडला होता. वर्गात शिकवायला बरं उदाहरण मिळालं: आकडा चोख दिसला तरी आधी मोजणाऱ्या यंत्राकडे बघायचं. तसं ५६ अंश नसतानाही कूलरपुढे बसून काम जमत नव्हतंच. पहाटे पाच ते आठ एवढीच वेळ. पहाटे साळुंक्या ओरडतात, त्या रेकॉर्डिंगमध्ये येत नाहीत, पण माझ्या कानात येतात.

२ जून, रविवार

'काइंड ऑफ ब्लू'. मुद्दाम अप्पांना बोलावलं. 'सो व्हॉट' लागलं. बास आणि पियानोची ती सवाल-जवाबाची सुरुवात झाली आणि अप्पा ताठ बसले. "काफी आहे हा. कोमल गांधार, कोमल निषाद." सोळा आवर्तनं झाल्यावर सगळा कारभार अर्धा स्वर वर गेला, पांढरी दोनवरून काळी दोनवर. आठ आवर्तनं तिथे, मग परत खाली. अप्पा हसले. "अख्खा काफी उचलून शेजारच्या खोलीत नेला आणि परत आणून ठेवला. धीराचं काम आहे."

मी सहज वही पुढे केली आणि तो 'पेटी?' दाखवला. अप्पांना आठवायला फारसा वेळ लागला नाही.

"तुझ्या सासऱ्यानं मला पेटी घेऊन बोलावलं होतं. मला म्हणाला, हिच्याबरोबर वाजव बरं. पहिली बाजू जुळेना. माझी पांढरी दोन खाली राहायची, ही जरा चढी. पेटी खराब म्हणून माझ्यावर ढकललं त्यानं. मग दुसरी बाजू लावली तर चोख जुळली. त्यानं टर्नटेबलचा पट्टा बदलला. तरी तेच. आठवडाभर भांडलो आम्ही. शेवटी म्हणाला, अमेरिकेतल्या लोकांची चूक असणार. मी म्हटलं, हो का, मोतीबागेत बसून तुला कळली!"

चूक अमेरिकेतलीच होती. २ मार्च १९५९ला न्यूयॉर्कमध्ये, ३० नंबरच्या रस्त्यावरच्या एका जुन्या चर्चमध्ये केलेल्या कोलंबियाच्या स्टुडिओत, पहिल्या बाजूची तिन्ही गाणी ज्या टेप यंत्रावर घेतली ते किंचित हळू चाललं होतं. मग बरोबर वेगाच्या यंत्रावर ती टेप वाजवली की सूर चढणारच. दुसऱ्या बाजूची दोन गाणी २२ एप्रिलची, ती ठीक. दुसऱ्या यंत्रावरच्या राखीव टेपवरून पहिली बाजू दुरुस्त होऊन निघाली ती १९९२मध्ये. तोवर तेहतीस वर्षं जगभर ती चढीच विकली गेली. बाबांच्या वहीतल्या या ओळीवरची तारीख १९७४ची.

मी माझ्यापरीनं मोजलं. दुसऱ्या बाजूच्या हिशोबानं पहिली साधारण २० सेंट चढी. हे षड्ज झुलण्यासारखं नाही. सगळं मिळून एकसारखं चढलंय, आपापसात सगळे सुरात आहेत, त्यामुळे कुणाला मळमळलं नाही. बाबांनी त्याचा फक्त एक आणा कापला, तोही 'वाजणं'मधून. योग्य कापला.

फायलीत काय करावं यावर घोळ झाला. दुरुस्त करणं आता दोन मिनिटांचं काम. पण मग ती बाबांची प्रत राहत नाही, ती १९९२ची होते, जी बाजारात मिळते. चढीच ठेवली. फायलीच्या नावात 'पेटी' एवढा शब्द घातला.

९ जून, रविवार

वहीत पट्टीनं तिसरा रकाना आखला: 'षड्ज'. त्यात आणे नाहीत, फक्त 'स्थिर', 'झुलतो', 'चढा', 'उतरा'. बाबांच्या दोन रकान्यांतल्या गुणांना हात लावलेला नाही.

नव्या रकान्यातली पहिली नोंद बाबांच्या संग्रहाबाहेरची आहे. 'एलिंग्टन अॅट फार्गो', पुतण्यानं पाठवलेली. ७ नोव्हेंबर १९४०, नॉर्थ डकोटातल्या फार्गो गावचा बॉलरूम, जॅक टॉवर्स आणि डिक बरिस या दोन तरुणांनी परवानगी काढून, सहज वाहून नेता येणाऱ्या यंत्रावर जागेवरच तबकड्या कापल्या. बाहेर निघायला १९७८ उजाडलं. नाचणाऱ्यांचे पाय, गलका, माइकपासून कधी जवळ कधी लांब जाणारे वादक. ट्रम्पेटवाल्या रे नान्सची बँडमधली पहिली रात्र. आणि जिमी ब्लँटनचा बास, दोन वर्षांत क्षयानं गेलेल्या त्या पोराचा, सगळ्या गलक्याखाली नागपूरच्या जुन्या वाड्यातल्या खांबासारखा उभा. वाजणं ७ आणे, वाजवणं १६, षड्ज स्थिर.

झालेल्या ९६, उरलेल्या ११६. कॉलेज लवकरच सुरू होतंय, म्हणजे पुढचं रविवारी-रविवारी. अप्पांनी पेटी इथेच ठेवली आहे. भात्यातून वारा सुटतोय, महाल भागात दुरुस्तीवाला आहे म्हणे, त्याच्याकडे न्यायची आहे.